रोजच्या खाण्यात कॉटेज चीज: महिनाभराच्या प्रकल्प नोंदी

२ जून

आमच्याकडे कॉटेज चीजचा (पनीर नव्हे, क्रीममध्ये कालवलेल्या ओल्या दाण्यांचं ताजं चीज) डबा येतो, पहिले दोन दिवस कौतुकाने टोस्टवर लागतो, मग फ्रीजच्या मागच्या कप्प्यात सरकतो आणि झाकण उघडल्यावर आंबूस वास आला की कचऱ्यात जातो. हे इतक्यांदा झालंय की डबा पिशवीतून काढतानाच बायको म्हणते, "परत आणलंस?" म्हणून हा महिना त्यालाच द्यायचा ठरवला आहे. नाश्ता, डबा, चारची भूक, रात्रीचं जेवण, जिथे बसेल तिथे घालून बघायचं आणि काय झालं ते इथे लिहायचं. कोणाला हेच करायचं असेल तर निदान आमचा वाया गेलेला माल तरी त्यांच्या कामी येईल.

अटी अशा: जादा भांडं एकच निघालं पाहिजे. खास वेगळा पदार्थ मांडायचा नाही, एरवी जे होतं त्यातच घालायचं. सुट्टीच्या दिवशी सूट. आणि "छान झालंय" या शेऱ्याला किंमत नाही. पुढच्या आठवड्यात कोणी आपणहून मागितलं, तरच तो पदार्थ टिकला असं धरायचं. नंतर जे कळेल तेही त्या-त्या दिवसाच्या नोंदीतच जोडायचं.

डबा लहान दाण्यांचा, ४ टक्के फॅटचा आहे. अशा चीजच्या १०० ग्रॅममध्ये ११ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि कॅलरी शंभराच्या आतच राहतात, म्हणून तर हा खटाटोप. दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असलेल्या बऱ्या. मीठ बरंच असतं, १०० ग्रॅममागे सोडियम ३०० ते ४०० मिलिग्रॅमपर्यंत जातं. आणि कॅल्शियम कडक चीजच्या मानाने खूपच कमी, कारण दूध आम्लाने जमवताना ते पाण्यात उतरतं आणि त्या पाण्याबरोबर वाहून जातं. हाडांसाठी म्हणून कोणी हे आणत असेल तर हिशेब परत मांडावा.

४ जून

आज पदार्थ काही नाही, नुसतं बघणं. चमचाभर चीज बशीत काढलं आणि बोटाने पसरलं. दाणा दाबला तर फुटत नाही, बाजूला सटकतो. चावला तर दाताखाली किंचित करकरतो. त्याच्याभोवतीचं पांढरं, ओघळणारं जे आहे ते दाण्यातून आलेलं नाही. बिनसायीच्या दुधाचं दही जमवतात, कापतात, तापवतात, गार पाण्याने धुतात, आणि त्या धुतलेल्या दाण्यांत शेवटी मीठ आणि क्रीम मिसळतात. म्हणजे चव बरीचशी त्या क्रीममध्ये आणि प्रोटीन बरंचसं दाण्यांत. दोन्ही एकाच डब्यात असले तरी स्वभाव वेगळे.

मग एक वाटी चीज बारीक गाळणीत घालून खाली भांडं ठेवलं. वीस मिनिटांत तीन-चार चमचे पातळ पांढरं पाणी खाली आलं. हेच पाणी आजवर आमच्या टोस्टमध्ये जात होतं.

हुरूप आला म्हणून उरलेलं फडक्यात बांधून पिळलं. ते करू नये. क्रीम सगळं निघून गेलं आणि हातात आळणी, कोरडा चुरा राहिला. त्यात मिरपूड घालून खाल्ला, पण कर्तव्य म्हणून. गाळणीत ठेवायचं, हात लावायचा नाही.

५ जून

टोस्ट. नेहमीचा प्रकार: ब्रेड भाजला, चीज पसरलं, वर टोमॅटोच्या चकत्या, मीठ, मिरपूड. पाच मिनिटांत ब्रेडचा मधला भाग ओला गच्च. दोष तिघांचा होता. चीज न गाळलेलं, टोमॅटोवर मीठ घातल्याने त्याला सुटलेलं पाणी, आणि ब्रेड गरम असतानाच पसरल्यामुळे खालून धरलेली वाफ.

संध्याकाळी परत केला. ब्रेड एरवीपेक्षा जास्त, कडांना तांबूस रंग येईपर्यंत भाजला आणि बशीत आडवा न ठेवता दोन मिनिटं उभा टेकवून ठेवला. चीज गाळलेलं. टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून बाजूला ठेवल्या, पाणी सुटलं की कागदी रुमालाने टिपून घेतल्या. वरून मीठ नाही, चीजमध्ये आहे तेवढं पुरतं. चार थेंब ऑलिव्ह तेल आणि भरड मिरपूड. शेवटचा घास घेईपर्यंत ब्रेड कुरकुरीत होता. वेळ पहिल्यापेक्षा पाचेक मिनिटं जास्त, पण ती हात रिकामे ठेवून बसण्याची.

काकडीलाही हेच लागू. काकडी तर टोमॅटोहून वाईट.

गोड बाजूला धाकटीने स्वतःच शोध लावला: गाळलेलं चीज, केळ्याच्या चकत्या, वरून मध आणि दालचिनीची चिमूट. यात काही बिघडायला जागाच नाही. ती आता हे माझ्याशिवाय करते.

८ जून

अंडी. यावर दोन सकाळी गेल्या.

भुर्जीसारखी मोडलेली अंडी परतताना सुरुवातीलाच चीज घातलं. तव्यात आधी सगळं छान मलईदार दिसलं आणि मग बघता बघता कडेने पाणी सुटायला लागलं. ते आटवायला आच वाढवली तर अंडी वातड झाली आणि चीजचे दाणे पांढऱ्या रबरासारखे वेगळे. किसलेल्या चीजसारखं हे वितळेल ही अपेक्षाच चुकीची. आम्लाने जमलेल्या चीजमध्ये दाणे बांधून ठेवणारं कॅल्शियम आधीच निघून गेलेलं असतं, त्यामुळे उष्णता लागली की ते पाघळत नाहीत, आकसतात आणि अंगातलं पाणी बाहेर टाकतात. जितकं जास्त तापवाल तितकं जास्त पाणी.

यावर दोन तोडगे निघाले आणि दोन्ही चालतात. पहिला, अंडी मंद आचेवर जवळजवळ होत आली की गॅस बंद करायचा आणि मग गाळलेलं चीज घालून दोनदाच फिरवायचं. दाणे नुसते कोमट होतात, त्यांना आकसायला वेळ मिळत नाही. दुसरा, तीन अंड्यांना तीन मोठे चमचे चीज घेऊन कच्च्यातच मिक्सरमधून काढायचं आणि मग नेहमीसारखं तव्यावर टाकायचं. यात दाणा उरतच नाही, अंडी मऊ आणि फुगीर होतात. आच दोन्हीत मंदच.

मीठ अंड्यांत अजिबात घालू नका. शेवटी चाखा आणि मग ठरवा. आमची पहिली खेप याही कारणाने कोणी संपवली नाही.

दुसरा प्रकार टिकला. पहिला मला आवडतो, पण घरात दाण्यांचे विरोधक जास्त आहेत.

१० जून

काल रात्री अननसाचे तुकडे आणि चीज एका बरणीत एकत्र करून ठेवले होते, सकाळी घाईत नको म्हणून. सकाळी झाकण उघडलं तर वर पाण्याचा थर, आणि चव कडू. दूध नासल्याचा आंबटपणा नव्हे, जिभेच्या मागे राहणारा कडूपणा. आधी वाटलं चीजच गेलं. पण त्याच डब्यातलं बाकीचं चीज व्यवस्थित होतं.

कारण अननसात आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रोटीनचे तुकडे करतं, आणि दुधातल्या प्रोटीनचे हे तुकडे कडू लागतात. ताजं किवी आणि पपई यांतही अशी एन्झाइम असतात. रात्रभरात त्यांनी माझा अख्खा नाश्ता पचवून ठेवला होता.

आज तीन वाट्या लावून खात्री केली. ताजा अननस घालून लगेच खाल्लेली वाटी: उत्तम. ताजा अननस घालून दुपारपर्यंत फ्रीजमध्ये ठेवलेली: कडवट व्हायला सुरुवात. डबाबंद अननसाची: संध्याकाळीही ठीक, कारण डबाबंद करताना फळ तापवतात आणि उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं. तेव्हा आदल्या रात्री करून ठेवायचं असेल तर डबाबंद अननस, नाहीतर सफरचंद, पीच, द्राक्षं, बेरी. डबाबंद फळाचा पाक मात्र पुरता निथळून घ्या, नाहीतर परत तेच पाणी.

वरून दाणेदार काही हवंच. भाजलेले बदाम, अक्रोड, सूर्यफुलाच्या बिया. ते खायच्या वेळी.

१२ जून

आजपासून मिक्सर. खरं तर सुरुवात इथूनच करायला हवी होती, कारण घरातल्यांची तक्रार चवीबद्दल कधी नव्हतीच, ती दाण्यांबद्दल होती.

पहिल्यांदा चीज डब्यातून थेट मोठ्या भांड्यात घातलं. पातं खाली फिरत राहिलं, चीज कडांना चिकटून बसलं, मध्ये पोकळी. लहान भांडं घेतलं, चमचाभर दूध तळाशी घातलं, मग जमलं. थांबत थांबत, कडा खरवडत मिनिट-दीड मिनिट. अर्ध्या मिनिटाला बघितलं तर रवाळ होतं. तिथेच सोडलं असतं तर जिभेला बारीक वाळूसारखं लागलं असतं. दूध जास्त घालू नका. एका चमच्याने पातं फिरायला लागतं, तीन चमच्यांनी सूप होतं. फ्रीजमध्ये तासभर ठेवलं की जरा घट्ट होतं, तेव्हा मिक्सरमध्ये दिसतं त्यावर जाऊ नये.

दोन वेगळे डबे वापरले तेव्हा लक्षात आलं की एक चटकन गुळगुळीत होतं आणि पाणीही कमी सोडतं, दुसरं हट्टी. लेबलं शेजारी ठेवून वाचली. पहिल्यात गवार गम आणि लोकस्ट बीन गम होते, दुसऱ्यात दूध, क्रीम, मीठ, विरजण एवढंच. हे डिंकासारखे गम पाणी धरून ठेवतात. दुसऱ्याची चव मला जास्त स्वच्छ वाटते, फक्त ते गाळून घ्यावं लागतं.

या गुळगुळीत चीजचे आज झालेले उपयोग: लसूण, लिंबू, चिरलेली ताजी पानं घालून गाजर-काकडी बुडवून खायला; तेच दोन चमचे पाण्याने पातळ करून सॅलडवर; सँडविचमध्ये मेयोनेजच्या जागी; आणि उकडलेल्या अंड्याचा बलक त्यात कुस्करून ब्रेडला लावायला. लसूण कच्चा घालणार असाल तर अर्धीच पाकळी. रात्रभरात तो चढतो. आमचं दुसऱ्या दिवशीचं सॅलड फक्त लसणाचं होतं.

हे करून ठेवलेलं वाडगं फ्रीजमध्ये पुढच्या बाजूला, नजरेसमोर ठेवलं. डब्यापेक्षा हेच लवकर संपतं.

१४ जून

पास्ता सॉस. इथे एक डबा पूर्ण गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाजलेले टोमॅटो, लसूण आणि चीज एकत्र मिक्सरमधून काढलं. गुलाबीसर, जाड, अगदी क्रीमचं वाटावं असं सॉस झालं. ते पातेल्यात ओतून उकळी आणली. बुडबुडे आले आणि सॉस फाटलं: खाली पाणी, वर बारीक चुरा. घोटून बघितलं, परत मिक्सरमधून काढलं, तात्पुरतं जुळलं आणि ताटात जाईपर्यंत पुन्हा वेगळं. शेवटी ते पाणी आटवून चुऱ्यासकट पास्त्यावर घातलं. भूक असल्यामुळे संपलं.

क्रीम उकळलं तरी सहसा निभावतं, त्यात फॅट भरपूर असतं. इथे फॅट कमी आणि प्रोटीन जास्त, शिवाय टोमॅटोचं आम्ल. उकळीला हे टिकणार नाही, मिक्सर कितीही फिरवा.

दोन दिवसांनी केलेली पद्धत अशी. पास्ता नेहमीपेक्षा कमी पाण्यात उकडायचा, म्हणजे पाण्यात स्टार्च दाट उतरतो. निथळायच्या आधी त्यातलं कपभर पाणी बाजूला काढायचं. सॉस मिक्सरमध्येच राहू द्यायचं, पातेल्यात घालायचंच नाही. टोमॅटो मात्र भाजून गरमच घ्यायचे. मिक्सरचं झाकण तेवढ्यापुरतं किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर वाफेने ते उडतं. पास्ता निथळून परत त्याच गरम पातेल्यात, गॅस बंद, त्यावर सॉस, आणि बाजूला ठेवलेलं पाणी थोडं थोडं घालत ढवळायचं. पास्त्याच्या उष्णतेनेच सॉस गरम होतं, आणि स्टार्चमुळे प्रोटीनचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होत नाहीत. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं तर रेघ राहिली पाहिजे, तेवढं दाट झालं की पाणी थांबवायचं.

ताट वाढून ठेवून फोनवर बोलत बसू नका. गार झालं की ते घट्ट होतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी तापवताना दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर, हलवत. मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण ताकदीवर ठेवलं तर १४ तारखेचा पास्ता परत मिळेल.

हा पदार्थ पुढच्याच आठवड्यात दोघांनी मागितला.

१७ जून

पॅनकेक. एक वाटी चीज, एक वाटी ओट्स, दोन अंडी, चिमूटभर दालचिनी, सगळं मिक्सरमधून. चीज इथे गाळायचं नाही, ओट्सना पाणी लागतंच.

पहिला घाणा तव्याला चिकटला, उलटताना प्रत्येकाचे दोन तुकडे. पीठ लगेच वापरलं होतं आणि आच मोठी होती. दहा मिनिटं झाकून ठेवल्यावर ओट्स फुगले, पीठ जाड झालं. आच मंदच, तव्यावर तेल पसरून पुसून घेतलेलं, आणि आकार तळहाताएवढाच. वरच्या बाजूची चमक जाऊन ती कोरडी दिसायला लागेपर्यंत उलथनं लावायचं नाही. यात मैदा नाही, त्यामुळे पकड येते ती अंड्याची, आणि अंडं शिजायच्या आत उलटलं की मोडणारच.

फुगावेत म्हणून सोडा अर्धा चमचा घातला तर रंग गडद आणि चव साबणासारखी. चीज आंबट असल्यामुळे पाव चमच्याहून कमी सोडाही पुरतो. त्याहून जास्त घातला तर त्याच्यावर काम करायला आम्ल उरत नाही आणि तो तसाच जिभेवर येतो.

गार झालेले मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये ठेवले आहेत. सकाळी थेट टोस्टरमध्ये.

२० जून

सुट्टी, म्हणून सगळीकडे दिसणारा तो ओव्हनमधला रॅप केला. एक वाटी चीज, दोन अंडी, मसाला, मिक्सरमधून काढून बेकिंग पेपरवर पसरायचं, १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं.

कडा करपल्या आणि मध्य ओला राहिला, कारण मध्ये थर जाड होता. कागद साधा घेतला होता, तो रॅपबरोबरच आला. दुसऱ्यांदा कागदाला तेल लावलं, पळीच्या पाठीने सगळीकडे सारखा थर दिला आणि ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटं हात लावला नाही. मग अख्खा सुटला. आत भाज्या भरून गुंडाळला, मोडला नाही.

माझं मत: चव ऑम्लेटची, वेळ ब्रेडचा. ओव्हन दुसऱ्या कशासाठी लागलेलाच असेल तर करावा. आमच्या यादीतून बाद.

२२ जून

डब्याचा विषय. लेकीने शाळेतून चीजची छोटी बरणी जशीच्या तशी परत आणली. "बाबा, ते गरम झालं होतं." बरोबरच केलं तिने. हे ताजं, ओलसर चीज आहे, बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नसतं, आणि हवा तापलेली असेल तर तेवढंही नाही. डब्यात देताना आता बरणी रात्रीच फ्रीजमध्ये गार करून ठेवतो, बर्फाची पिशवी शेजारी लागते, आणि परत आलेलं चीज पुन्हा फ्रीजमध्ये न ठेवता टाकतो. बर्फाची पिशवी विसरली तर त्या दिवशी डब्यात पॅनकेक.

बिस्किटं किंवा सुका मेवा वेगळ्या खणात. हे सांगायला नको, पण मी एकत्र भरले होते.

२४ जून

उरलेला अर्धा डबा फ्रीझरमध्ये टाकला होता, तो आज काढला. विरघळल्यावर दाणे भुसभुशीत, भोवती पाणीच पाणी. नुसतं खाण्यासारखं नाही. मिक्सरमधून काढून पॅनकेकच्या पिठात घातलं तर काही फरक कळला नाही. म्हणजे गोठवलेलं चालतं, पण शिजवायच्या पदार्थातच.

त्याच ओघात आइस्क्रीमही झालं: चीज, मध, स्ट्रॉबेरी गुळगुळीत करून गोठवलं. दगड झाला. फॅट कमी, साखर कमी आणि पाणी भरपूर असलं की दुसरं काय होणार. पाऊण तासाने काढून ढवळत राहिलं तर बरं होतं म्हणतात, पण मला आइस्क्रीमजवळ पाळत ठेवून बसायचं नाही. गोठवायच्या आधीच थंड खाल्लं तर तेच मिश्रण फार चांगलं लागतं. आम्ही तसंच खातो.

२६ जून

घरी करून बघितलं. एक लिटर बिनसायीचं दूध, ४५ मिलिलिटर पांढरं व्हिनेगर.

पहिल्यांदा सवयीने दूध उकळवलं. मऊ, चिकट गोळे आले, दाणे नाहीत. उकळीला दुधातली बाकीची प्रोटीनही दह्याला चिकटतात आणि पाणी धरून बसतात. भरणासाठी छान, पण हे कॉटेज चीज नव्हे. दुसऱ्यांदा थर्मामीटर लावून दूध ४९ अंशांवर उतरवलं, व्हिनेगर घातलं आणि मिनिटभर अगदी हळू ढवळलं. जोरात ढवळलं तर दाण्यांचा भुगा होतो. अर्धा तास झाकून ठेवल्यावर पिवळट हिरवं पाणी वेगळं आणि दाणे वेगळे. फडक्यातून पाच मिनिटं निथळलं, मग त्याच फडक्यात गार पाण्याखाली धरून हाताने मोकळं करत धुतलं, दाणे पूर्ण गार होईपर्यंत. धुण्यात कंटाळा केला तर व्हिनेगरचा वास राहतो. शेवटी पाव चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे क्रीम.

हातात आलं जेमतेम दीडशे ग्रॅम, वेळ सगळी मिळून तासाभराच्या वर, आणि फडकं धुण्याचं काम वेगळं. रोजच्यासाठी परवडत नाही. पण घरात मिठाचं पथ्य असलेलं कोणी असेल तर करावं, कारण मीठ आपल्या हातात राहतं. विकतचं चीज पाण्याखाली धुतलं तरी मीठ उतरतं, पण त्याबरोबर क्रीम आणि बरंचसं कॅल्शियमही जातं. घरचं तीन-चार दिवसांत संपवा.

निथळलेलं पाणी सूपमध्ये घातलं. आंबट होतं, म्हणून टोमॅटो कमी केले.

२८ जून

बटाटा. उकडून कुस्करताना लोणी आणि दुधाच्या जागी गुळगुळीत चीज. बटाटा गरम, चीज फ्रीजबाहेर अर्धा तास ठेवलेलं. गॅस बंद. काही बिघडलं नाही. भाजलेल्या अख्ख्या बटाट्याला मधोमध चीर देऊन दाण्याचं चीज आणि कांद्याची पात घातली, तेही नाही. बटाट्यातला स्टार्च सुटलेलं सगळं पाणी पिऊन टाकतो. सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं तर मी बटाट्यापासून करायला सांगेन.

सूपमध्ये घालायचं तर वाटीत वाढल्यावर, चमचाभर, वरून.

३० जून

महिनाभरात डबा कसा वापरायचा याची एक चाल बसली आहे. उघडला की झाकणावर तारीख लिहायची. पहिल्या दिवशी अर्धं चीज गाळणीत, बाकीचं मिक्सरमध्ये. गाळलेलं टोस्ट आणि फळांवर, सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत. गुळगुळीत केलेलं सँडविच, सॅलड आणि एका रात्रीच्या पास्त्यात. पाचव्या दिवशी जे काही उरलं असेल, गाळलेलं असो की नसो, ते ओट्स आणि अंड्यांबरोबर पॅनकेकच्या पिठात, आणि पॅनकेक फ्रीझरमध्ये. डब्यात चमचा दर वेळी धुतलेला आणि कोरडा. मधाचा चमचा आत गेला त्या डब्यावर चौथ्या दिवशी गुलाबी डाग दिसला, तो अख्खा टाकला. वरवरचं खरवडून खालचं वापरायचं नाही, ओल्या चीजमध्ये बुरशी आणि जंतू खालपर्यंत गेलेले असतात.

पुढे करून बघायचं: थरांच्या भाजलेल्या पास्त्यात गाळलेलं चीज अंड्याबरोबर घालून पाणी किती सुटतं ते, आणि मोठ्या दाण्यांचं चीज फळांबरोबर जास्त बरं लागतं का ते. आजचा डबा कालच उघडलाय. बायकोने येताना अजून एक आणलाय, त्याला जागा करायला हवी.